५९० रुपये थकीत : दाजींच्या सिबिलची पूर्ण केस

कर्ज फिटलं त्या दिवशी ताईनं पुरणपोळी केली होती. ६ जानेवारी २०२५, सोमवार, कुठला सण नाही काही नाही. पाच वर्षं चाललेली कटकट संपली म्हणून. भिशीचे पैसे उचलून दाजींनी पर्सनल लोनची शिल्लक एकदम भरली, फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी कर्ज बंद करायचा आकार, धरून साडेएकोणनव्वद हजार, आणि बँकेकडून नो ड्यूजचं, म्हणजे आता काही देणं नाही असं, पत्र घेऊन थेट घरी आले. पत्र देवघरात ठेवलं. मी पण दोन पोळ्या जास्त हाणल्या.

तीन महिन्यांनी, १९ एप्रिलला, भाचीसाठी स्कुटी बघायला गेलो. बारावीची परीक्षा झालेली, अक्षय तृतीयेला गाडी दारात आणायची असं तिला कबूल केलेलं. रंग ठरला, नंबरसाठी पसंती सांगून झाली, आणि फायनान्सवाला पोरगा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणतो, "सर, सिबिल ६११ येतंय, सिस्टिम रिजेक्ट मारतीय." सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो त्यावरून मिळणारा स्कोअर. दाजी त्याला समजावायला लागले की अरे मी सगळं कर्ज फेडलंय, पत्र आहे माझ्याकडं. तो म्हणाला, पत्राचं मला काही करता येत नाही सर. त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

दाजींची परवानगी घेऊन ही केस लिहितोय, फक्त नाव नको म्हणाले. मी एका टॅक्सवाल्याच्या ऑफिसात आकडेमोड करतो, बँकेचा माणूस नाही, त्यामुळं जे केलं ते धडपडत केलं.

आधी मागचं थोडक्यात. दाजी भोसरी एमआयडीसीत सीएनसी शॉपला सुपरवायझर. २०१८ ला जूनमध्ये ४ लाखांचं पर्सनल लोन घेतलं, १४ टक्के, ५ वर्षं, हप्ता ९,३०७. शिवाय दोन क्रेडिट कार्डं. २०२० ला कंपनी बंद, मग अर्धा पगार, मग नुसती "बघू". मार्च ते ऑगस्ट २०२० रिझर्व्ह बँकेनं मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते थांबवायची सवलत, दिलं ते घेतलं, पण व्याज काही थांबत नाही, त्यामुळं २ लाख ९६ हजारांची शिल्लक सहा महिन्यांत ३ लाख १७ हजारांच्या वर गेली. मग ऑगस्ट २०२० ला जी कोविड रिस्ट्रक्चरिंगची योजना आली त्यात बसवून डिसेंबरला नवा हप्ता बांधून घेतला, ७,६७८ रुपये, ६० महिने. एका कार्डाची थकबाकी त्या बँकेनं हप्त्यांत बदलून दिली, ती २०२२ ला संपली. दुसरं कार्ड मात्र हाताबाहेर गेलं. ५८ हजार वापरलेले, व्याज आणि लेट फी लागून ९६ हजार झाले, बँकेनं राइट ऑफ केलं, म्हणजे बुडीत धरलं, वसुलीवाल्यांचे फोन ताईच्या मोबाइलवर यायला लागले, आणि शेवटी २०२२ ला ४१ हजारांत सेटल केलं, म्हणजे कमी रकमेत मिटवलं. सेटल झालं म्हणजे संपलं असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलेलं, मलासुद्धा.

शोरूममधून आल्यावर दाजींनी आणखी एक घोळ घातला, तो त्यांनी मला आठ दिवसांनी सांगितला. रागाच्या भरात रात्री बसून तीन लोन ॲपवर अर्ज टाकले, म्हणजे कुणीतरी देईलच की. कुणी दिलं नाही, आणि प्रत्येकानं पॅन टाकून रिपोर्ट ओढला. शोरूमनं दोन ठिकाणी टाकलेला अर्ज धरून एका आठवड्यात पाच एन्क्वायऱ्या. बघणाऱ्याला वाटणार हा माणूस पैशासाठी दारोदार हिंडतोय. आपण स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला तर स्कोअर हलत नाही, पण कर्ज मागितलं म्हणून कंपनीनं बघितला तर त्याची नोंद होते. हा फरक दाजींना माहीत नव्हता, दहातल्या नऊ जणांना नसतो.

२७ एप्रिलला रविवारी आम्ही पूर्ण रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून, म्हणजे ब्युरोंकडून, वेगवेगळा, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. साइटवर पैशाचे प्लॅन तोंडावर मारतात, फुकटवालं बटण शोधावं लागतं. आपल्याकडं सगळ्यालाच सिबिल म्हणायची सवय, जसं कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स.

दाजी स्कोअरचा आकडाच बघत बसलेले. मी म्हणलं दाजी, आकडा सोडा, खाली चला, खरा मजकूर खाली असतो. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची एक पट्टी असते, ३६ महिन्यांपर्यंतची, आणि त्यात त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा. ००० म्हणजे वेळेवर. दाजींच्या पर्सनल लोनची पट्टी २०२२ पासून ओळीनं ०००, ०००, ०००, बघून बरं वाटत होतं, आणि मग फेब्रुवारी २०२५ ला ०२३, मार्चला ०५४, एप्रिलला ०६९. खातं चालू. शिल्लक ५९० रुपये. थकीत ५९० रुपये.

दाजी म्हणाले, हे आपलं नसेल. आपलंच होतं.

५९० हा आकडा बघितला की माझ्यासारख्याचं डोकं लगेच चालतं. ५०० अधिक १८ टक्के जीएसटी. म्हणजे हा बाउन्स चार्ज, खात्यात पैसे नसल्यानं हप्ता परत गेला की लागतो तो. मग दाजींचा मोबाइल घेऊन फेब्रुवारीचे मेसेज खाली खाली नेले आणि सापडला, ५ फेब्रुवारी, हप्ता परत गेला. झालं असं की ६ जानेवारीला कर्ज बंद केलं, पण खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी, ते नॅच मँडेट, कुणी रद्दच केलं नाही. ५ फेब्रुवारीला यंत्रणेनं सवयीनं हप्ता मागितला. दाजींचं सॅलरी खातं तेव्हा कोरडं, सगळं फोरक्लोजरला घातलेलं, त्यामुळं बाउन्स. मेसेज आला तेव्हा दाजींनी वाचला आणि हसून सोडून दिला, कर्जच नाही तर हप्ता कसला. पगाराच्या बँकेनं त्यांचा चार्ज कापला तो वेगळाच.

आणि घाई यासाठी होती की ६ मे ला ९० दिवस भरणार होते. नव्वदीच्या पलीकडं खातं एनपीएच्या, म्हणजे बुडण्याच्या मार्गावरच्या कर्जांच्या, रांगेत जातं. ५९० रुपयांसाठी.

दाजींचं म्हणणं साधं होतं, ५९० फेकून मारू त्यांच्या तोंडावर आणि विषय संपवू. माझं म्हणणं, आपलं देणं नसलेले पैसे भरले तर शिल्लक शून्य होईल पण पट्टीतले ०२३ आणि ०५४ तसेच राहतील, म्हणजे उशिरा भरले असंच कायमचं दिसेल. तरी मी म्हणलं चला, निदान घड्याळ तरी थांबेल, निषेधाचं पत्र देऊन भरू. सोमवारी ब्रँचला गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी लोन नंबर टाकला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "हे खातं बंद आहे, यात पैसे घेता येत नाहीत." मी रिपोर्टचा प्रिंट पुढं केला, त्यात खातं चालू. त्यांनी स्क्रीन आमच्याकडं फिरवली, त्यात खातं बंद. दोन्ही एकाच बँकेचे आकडे. दाजी मला हळूच म्हणतात, "अरे मग मी नक्की कुणाचं देणं लागतो?"

तर पैसे भरायचा रस्ता बंद, राहिली तक्रार. त्याच दिवशी, २८ एप्रिलला, दोन्हीकडून टाकली. सिबिलच्या साइटवर लॉगिन करून त्या खात्यापुढं डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकली; शिल्लक, थकीत रक्कम आणि थकल्याचे दिवस हे वेगवेगळे निवडून, कारण नुसती शिल्लक चुकीची म्हणलं तर नुसती शिल्लकच दुरुस्त करून देतात. आणि बँकेच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, मेल, सोबत ६ जानेवारीचं नो ड्यूजचं पत्र, पैसे भरल्याचं स्टेटमेंट, रिपोर्टचं ते पान आणि बाउन्सच्या मेसेजचा स्क्रीनशॉट. मेलमध्ये रामायण लिहिलं नाही. कर्ज अमुक तारखेला बंद, त्यानंतर लावलेला चार्ज रद्द करा, फेब्रुवारीपासूनचे थकीत दिवस काढा, चारही ब्युरोंना दुरुस्त माहिती पाठवा, मँडेट रद्द केल्याचं लेखी द्या. एवढंच. देवघरातलं ते पत्र स्कॅन करताना त्यावर हळदीचा डाग होता, तो तसाच गेला.

सिबिल स्वतःहून काही खोडत नाही हे इथं कळलं. ते बँकेला विचारतात, बँक हो म्हणाली तर बदलतात. म्हणून नुसतं ब्युरोकडं रडून उपयोग नसतो, बँकेच्या मागं लागावंच लागतं. पण एक नियम आपल्या बाजूनं आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ ला काढला आणि २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाला, की तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. त्यातले पहिले २१ दिवस बँकेनं दुरुस्त माहिती पाठवायला. दाजींना हा नियम सांगितल्यापासून ते कॅलेंडरवर खुणा करायला लागले, दूधवाल्याच्या खुणांच्या शेजारी.

मे महिना तसाच गेला. "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे" असे दोन मेल. ६ मे उलटली. जूनच्या सुरुवातीला बघितलं तर पट्टीत मे महिन्यापुढं ११५ आणि स्कोअर ५८४. ताईनं त्या दिवशी आमच्या दोघांशी बोलणं बंद केलं, कारण शोरूमला भरलेले टोकनचे पैसे अजून परत आले नव्हते. मी बँकेला शेवटचा मेल टाकला, ३० दिवस २८ मे ला संपले, इथून पुढं दिवसाचे १०० चालू आहेत, आणि आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जातोय. लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, फक्त आधी संस्थेला ३० दिवस दिलेले असावे लागतात, ते दिलेच होते.

जावं लागलं नाही. १७ जूनला खातं बंद, शिल्लक शून्य, फेब्रुवारीपासूनची पट्टी साफ. चार दिवसांनी दाजींच्या खात्यात २,००० रुपये जमा, वीस दिवसांचे. माफीचा एक शब्द नाही, नुसता क्रेडिटचा मेसेज. दाजींनी त्या पैशातनं सगळ्यांना मिसळ खिलवली आणि उरलेले ताईकडं दिले. जुलैत बाकीच्या तिघांचे रिपोर्ट काढले तर एकात ५९० अजून बसलेलेच होते, त्यांच्याकडं वेगळी तक्रार करावी लागली, ते ऑगस्टमध्ये गेलं. त्यामुळं एका ठिकाणी दुरुस्त झालं म्हणून हात झटकू नका.

स्कोअर ६५२ झाला. इथं दाजींना वाटलं आता बाकीच्या गोष्टींवर पण तक्रारी टाकू. मी अडवलं. रिपोर्टमध्ये जे चुकीचं आहे ते भांडून काढता येतं, जे खरं आहे ते नाही, आणि दाजींच्या रिपोर्टमध्ये खऱ्या गोष्टी दोन होत्या.

पहिली जामीनकीची. २०१९ ला मित्राच्या छोटा हत्तीसाठी एका सहकारी बँकेत दाजींनी जामीन म्हणून सही केलेली. सही करून विसरले. जामीनदाराच्या रिपोर्टमध्ये ते कर्ज दिसतं, आणि मित्राचे दोन हप्ते मागं होते. मी आणि दाजी त्याला टेम्पो स्टँडवर गाठायला गेलो. तो बिचारा गाडीखाली घुसून काहीतरी आवळत होता, तसाच ग्रीसच्या हातानं बाहेर आला. दाजींना पैशाचं तोंडावर बोलायचं जमत नाही, दोन चहा झाले तरी विषय पावसाचाच. शेवटी मी मोबाइलवर पट्टी दाखवली. त्याला खरंच माहीत नव्हतं की त्याच्या उशिराची नोंद दाजींच्या नावावर पण होते. आठवड्यात त्यानं एक हप्ता भरला, पुढच्या महिन्यात दुसरा. आता जामीनकी काढून घ्यायची म्हणलं तर बँक दुसरा जामीनदार आणा म्हणते, आणि कर्जाचे थोडेच हप्ते राहिलेत, म्हणून ते तसंच ठेवलंय.

दुसरी गोष्ट ते सेटल केलेलं कार्ड. रिपोर्टमध्ये स्पष्ट, राइट ऑफनंतर सेटल. यात चूक काहीच नाही. बँकेला ९६ हजार यायचे होते, ४१ आले, ५५ बुडाले. ब्युरो ही माहिती कमीत कमी ७ वर्षं ठेवतात. ती सेटलची पाटी बदलून घ्यायचा सरळ मार्ग एकच, सूट मिळालेले ५५ हजार भरायचे, पूर्ण नो ड्यूज घ्यायचं आणि बँकेकडून खातं क्लोज्ड करून घ्यायचं. तेव्हाचे थकलेले महिने पुसले जात नाहीत, पाटी तेवढी बदलते. भरण्याआधी मी बँकेकडून लेखी मागवलं की पैसे आल्यावर स्टेटस नक्की काय कळवणार, कारण भरून बसलो आणि पाटी तशीच राहिली तर विचारायचं कुणाला. पत्र यायला पाच आठवडे लागले पण आलं.

यावर घरात जोरदार चर्चा. ताई म्हणाली, ज्यांनी स्वतःहून सूट दिली त्यांनाच उलटे पैसे द्यायचे? दाजी म्हणतात, देऊन टाकू, डोक्याचा ताप जाईल. माझं मत ताईच्या बाजूनं पडलं, पण कारण वेगळं. स्कुटीच्या कर्जासाठी ५५ हजार भरणं म्हणजे नालासाठी घोडा घेण्यासारखं. होम लोन काढायचं असेल तेव्हा गोष्ट वेगळी, तिथं बऱ्याच बँका सेटल शब्द दिसला की फाइल बाजूला सारतात. दाजींना पुढंमागं चिखलीत वन बीएचके घ्यायचाय. तेव्हा बघू असं ठरलं.

मग राहिलं नवीन वागणं दाखवायचं. कुठलंही कर्ज चालू नसेल तर रिपोर्टमध्ये नवीन चांगलं काही लिहिलंच जात नाही, जुनं वाईट तेवढं पडून राहतं. जुलैत सॅलरीच्या बँकेत २५ हजारांची एफडी केली आणि तिच्यावर कार्ड घेतलं, लिमिट २२,५००. एफडी तारण असल्यामुळं स्कोअर बघत बसत नाहीत. दाजी कार्डाला हात लावायला घाबरत होते, साहजिक आहे, याच प्लास्टिकनं पाच वर्षं रडवलेलं. नियम ताईनं केला : फक्त पेट्रोल आणि किराणा, महिन्याला पाच-सहा हजारांच्या आत, कार्ड ताईच्या पर्समध्ये, बिल आलं की पूर्ण रक्कम, कमीत कमी रक्कम हा शब्द घरात काढायचा नाही. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहायचं म्हणतात, ते साडेसहा-पावणेसात हजार होतात, आम्ही त्याच्याही खाली. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्यातून दोनदा माहिती पाठवावी लागत होती, त्यामुळं पूर्वीसारखं दीड-दोन महिने वाट बघावी लागली नाही, भरलेलं लवकर दिसायचं.

मध्येच एक एजंट पण येऊन गेला. नाशिक रस्त्यावर विजेच्या खांबावर बोर्ड, "सिबिल क्लीन, ५ दिवसांत ७५०+". दाजींनी मला न सांगता फोन केला. तो म्हणाला ८ हजार द्या, आधार-पॅन पाठवा आणि ओटीपी आला की सांगा, सेटल शब्द उडवून देतो. नशीब ओटीपीपर्यंत गाडी गेली नाही, ताईनं फोन हिसकावला. तो फार तर काय करणार, तुमच्या नावानं धडाधड डिस्प्यूट टाकणार, जे आपल्याला फुकटात टाकता येतात, आणि खरी नोंद बँकेनं खरी आहे सांगितलं की परत तिथंच. वर तुमच्या ओटीपीवर त्यानं कुठं अर्ज टाकला तर ते फेडत बसा.

ऑगस्ट ते सप्टेंबर नवीन अर्ज एकही केला नाही. भाची जुलैपासून पीएमपीएमएलच्या बसनं कॉलेजला जात होती आणि रोज मला एक टोमणा, "मामा, माझ्या स्कुटीला कंडक्टर आहे." २ ऑक्टोबरला, दसऱ्याला, स्कोअर ६६८ होता. यावेळी शोरूमच्या पोराच्या लॅपटॉपला हातच लावू दिला नाही. सॅलरीच्या बँकेत आधी तोंडी विचारलं, मग एकच अर्ज. ६० हजार रोख, ४५ हजारांचं कर्ज, व्याज इतरांपेक्षा दीडेक टक्का जास्त लागलं, ते मुकाट्यानं घेतलं. हप्ता ज्या दिवशी कापतो त्याच्या आदल्या दिवशी ताई खात्यात पैसे आहेत का बघते, आणि हे मँडेट कर्ज संपताना रद्द करायचं असं तिनं फ्रिजवर चिकटवून ठेवलंय.

जानेवारी २०२६ ला ६९७. सातशे होत नाही म्हणून दाजी हळहळतात, मी म्हणतो जून आठवा. ५५ हजारांचं ते पत्र आणि हळदीचा डाग असलेलं नो ड्यूज आता एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये आहे, देवघरात नाही, कपाटात. आणि मित्राच्या टेम्पोचा हप्ता दहा तारखेला असतो, तर दाजी त्याला सहा तारखेलाच फोन करतात. सुरुवात अजून पावसापाण्यापासूनच होते, पण आता तोच पलीकडून म्हणतो, "भरला रे बाबा, भरला."